आधी आपल्या फाटकासमोरचा उतार काढा

कॉलनीतल्या फुटपाथवर मुलांना स्कूटर चालवायला बंदी करावी, असा ठराव इंदूरमधल्या आमच्या रहिवासी संघाच्या बैठकीत आला. स्कूटर म्हणजे ती पायाने ढकलायची, दोन-तीन चाकांची, हल्ली वाढदिवसाला हमखास मिळणारी. ठरावामागचं कारण खोटं नव्हतं. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालेल्या एका आजींना मागून धक्का बसला होता आणि भिंतीचा आधार मिळाला म्हणून त्या पडता पडता वाचल्या. माना डोलू लागल्या होत्या, सह्यांचा कागद फिरायला लागला होता, तेवढ्यात एका तरुण आईने विचारलं, "मग मुलांनी चालवायची कुठे?" कुणीतरी म्हणालं, "बगीच्यात." बगीच्याच्या फाटकावरची 'खेलना मना है' ही पाटी सगळ्यांच्या डोळ्यांखालून रोज जाते. ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

त्या बैठकीत मला जे म्हणायचं आहे ते इथे सविस्तर लिहितो. आजींना धक्का बसला तो पोरगं बेफाम होतं म्हणून, हे अर्धंच खरं आहे. ती दोघं एकमेकांच्या वाटेत आली, कारण त्या जागी चालायला दोन-अडीच फुटांची पट्टी उरली होती. बाकीचा फुटपाथ आपण घरमालकांनी खाल्लेला आहे. कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर ना फेरीवाल्यांची गर्दी, ना बाजार. इथलं अतिक्रमण सुशिक्षितांचं आहे, पक्क्या सिमेंटचं आहे आणि त्यातलं बरंचसं दिसायला सुंदर आहे.

सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, वैशाली नगर, कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी फुटपाथवरून खाली न उतरता एक गल्ली पार करून पाहा. एका घरासमोर गाडी चढवायला केलेला सिमेंटचा उतार असतो. त्यासाठी मालकाने फुटपाथच कापलेला असतो, किंवा उताराची जीभ थेट रस्त्यात काढलेली असते. शेजारच्या घरासमोर लोखंडी जाळीच्या आत हिरवळ, जास्वंद आणि कडुलिंबाचं रोप. त्याला नावं ठेवणं जिवावर येतं, पण ती बाग कंपाउंडच्या बाहेर आहे. पुढच्या घरासमोर कापडी कव्हर घातलेली चारचाकी उभी असते. ती तिथून हलताना सहसा कुणी पाहिलेली नसते. मग विजेची डीपी, मग फुटपाथच्या पातळीहून चार बोटं वर आलेलं चेंबरचं झाकण. एखाद्या हौशी मालकाने आपल्यापुरत्या गुळगुळीत टाइल्स बसवून घेतलेल्या असतात, आणि पावसाळ्यात तिथे मोठी माणसंसुद्धा भिंतीला हात लावून चालतात. शेवटी आपण रस्त्यावरूनच चालू लागतो. इतकी सवय झाली आहे की फुटपाथ मोकळा असला तरी पाय आपोआप रस्त्याकडे वळतात.

मोठ्यांचं निभतं. मुलाचं निभत नाही. या स्कूटरचं चाक तळहाताएवढं असतं, दहा-पंधरा सेंटिमीटर व्यासाचं. सायकलचं चाक ज्या फटीवरून सहज निघून जातं तिथे हे चाक अडकतं. चाक जागच्या जागी थांबतं आणि मूल पुढे जातं. पडताना हात आधी टेकतात, म्हणून मनगट किंवा कोपराखालचं हाड मोडतं. हात टेकले नाहीत तर हनुवटी आणि पुढचे दात. खचलेला एक पेव्हर ब्लॉक मोठ्या माणसाला ठेच लावतो, मुलाला थेट हाडांच्या डॉक्टरांकडे नेतो. म्हणून फुटपाथ चांगला की वाईट हे ठरवायला मला इंजिनिअरपेक्षा सहा वर्षांचं पोर जास्त भरवशाचं वाटतं. ते गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न उतरता, न अडखळता जाऊ शकलं, तर काठी टेकणारे आजोबाही जातील आणि चाकाची खुर्चीही जाईल.

हे काही माझ्या मनाचे मापदंड नाहीत. रस्तेबांधणीची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस आपल्या १०३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत सांगते, की फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी, डोक्यावर २.२ मीटर उंची मोकळी हवी, आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. १.८ मीटर म्हणजे सहा फूट. सहा फुटांत आजी आणि स्कूटरवाला नातू एकमेकांना न लागता जातात, अडीच फुटांत जात नाहीत. कडेच्या दगडाचं तर आपण उलटंच केलं आहे. मोटारसायकली वर चढू नयेत म्हणून तो उंच करत नेला. मोटारसायकली उतारावरून चढतातच. चढता येत नाही ते गुडघे दुखणाऱ्यांना.

पालकांचा समज असा, की धोका रस्त्यावर असतो आणि फुटपाथवर मूल सुरक्षित. कॉलनीत हे पुरतं खरं नाही. इथला मोठा धोका फाटकातून उलट्या बाहेर येणाऱ्या गाडीचा. पाच वर्षांचं मूल साधारण १०५ ते ११० सेंटिमीटर उंच असतं, स्कूटरवर वाकलं की त्याहून कमी. हल्लीच्या उंच गाड्यांच्या मागच्या काचेची खालची कड जवळपास तेवढ्याच उंचीवर असते. त्यात कंपाउंडची भिंत छातीएवढी, फाटक पत्र्याने बंद केलेलं. चालकाला मूल दिसत नाही, मुलाला गाडी दिसत नाही, आणि उतारामुळे गाडी वेग घेत खाली येते. यावरचा उपाय फुकट आहे: गाडी रात्री उलटी आत लावायची आणि सकाळी सरळ बाहेर काढायची. रात्री आत घेताना गल्ली रिकामी असते. सकाळी शाळेच्या वेळी ती भरलेली असते आणि तेव्हा चालकाचं तोंड रस्त्याकडे असतं. आणखी एक गोष्ट थोड्या खर्चाची आहे. फुटपाथ प्रत्येक फाटकाशी खाली उतरवायचा नाही, तो सलग एका पातळीत ठेवायचा. गाडीने कडेचा छोटा चढ चढावा, फुटपाथ हळू ओलांडावा आणि आत जावं. सध्या माणसं उतरतात-चढतात आणि गाडीला सपाट वाट मिळते. हे उलट झालं पाहिजे.

फुटपाथ तुटला की मूल रस्त्यावर उतरतं, तेही उभ्या गाडीच्या आडून अचानक. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचांतला एक जण कुठल्याच वाहनात नव्हता. येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ घालणं लहान मुलांना नीट जमत नाही. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत तर त्यावर विसंबूच नये. "बघून चाल" हे आपण त्यांना सांगतो, पण बघितलं तरी त्यांना कळेलच असं नाही. जर्मनीच्या वाहतूक नियमांनी हे मान्य केलेलं आहे. तिथे आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने सायकल फुटपाथवर किंवा रस्त्यापासून वेगळ्या बांधलेल्या सायकल-मार्गावरच चालवायची असते आणि दहापर्यंत फुटपाथवर चालवता येते. रस्त्यावर त्याने उतरू नये असा कायदा आहे. आपल्याकडे मुलाला फुटपाथवरून हाकलायचा ठराव येतो.

आता आजींकडे येतो, कारण त्यांची तक्रार बाजूला सारून हा लेख लिहिला तर तो अप्रामाणिक ठरेल. सत्तरीनंतर खुब्याचं हाड मोडलं तर शस्त्रक्रिया, महिनोन्महिने अंथरूण, आणि कित्येकदा माणूस पुन्हा पूर्वीसारखा चालतच नाही. मुलाच्या खेळापायी ही जोखीम कुणी आजींवर लादू शकत नाही. फुटपाथवर पहिला हक्क चालणाऱ्याचा आहे, त्यातही हळू चालणाऱ्याचा, आणि हे मुलांना शिकवावं लागेल. माणूस समोर दिसला की वेग चालण्याइतका करायचा. मागून जायचं असेल तर आधी आवाज द्यायचा, "आजी, उजवीकडून येतोय," आणि त्या सरकेपर्यंत थांबायचं. अनेक वयस्कांना ऐकू कमी येतं, म्हणून घंटी वाजवली की आपलं कर्तव्य संपलं असं नाही. प्रत्येक फाटकाशी एक पाय खाली टेकून आत डोकवायचं. हेल्मेट घालायचं, ते आईला आवडतं म्हणून नाही, तर डोकं एकच असतं म्हणून. दिवेलागणीनंतर स्कूटर घरात. डिसेंबरात इंदूरमध्ये पावणेसहालाच अंधारू लागतं आणि आपल्या गल्ल्यांतले निम्मे दिवे झाडांच्या फांद्यांत दडलेले असतात. सहा-सात वर्षांचं मूल हे सगळं शिकतं. आमच्या गल्लीतली मुलं क्रिकेटचे नियम मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात, एक टप्पा आउटसकट. नियम त्यांचे झाले की ती पाळतात. फाटकावर पाटी टांगून सांगितले की मोडतात.

पण एक रेघ ठाम ओढायला हवी. पायाने ढकललेलं वाहन फुटपाथवर, मोटार असलेलं रस्त्यावर. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकींना परवाना लागत नाही, म्हणून आठवी-नववीतल्या मुलांच्या हाती त्या सर्रास दिसतात, आणि आडवी-तिडवी गर्दी चुकवायला ही मुलं त्या खुशाल फुटपाथवर घालतात. ढकलायच्या स्कूटरचा वेग आणि वजन यांच्याशी त्यांची तुलनाच होत नाही. त्याहून मोठ्या गाड्यांबद्दल तर कायदा स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही भंवरकुआँकडच्या कोचिंग क्लासला सोळा वर्षांची मुलगी ॲक्टिव्हावर जाते, तेव्हा आपण तिच्या स्वावलंबनाचं कौतुक करतो. तिच्या सहा वर्षांच्या भावाची स्कूटर मात्र आपल्या डोळ्यांत खुपते!

कायदा फुटपाथबद्दलही गप्प नाही. फुटपाथवर मोटारवाहन चालवायला १९८९ पासूनच्या नियमांत मनाई आहे. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं, की अडथळे नसलेले, अपंगांनाही वापरता येतील असे फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आपल्या फाटकासमोरची जाळी आणि जगण्याचा हक्क एका वाक्यात येतील असं कुणाला वाटलं नसेल. पण त्या जाळीमुळेच कुणाचं तरी मूल खाली उतरतं.

"भिया, गाडी कहाँ रखें फिर?" हा प्रश्न येणारच, आणि तो टाळण्यासारखा नाही. घराच्या मंजूर नकाशात गाडीची जागा बहुतेकांनी दाखवलेली असते. पुढे तिथे भाडेकरूची खोली होते, किराणा दुकान होतं, शिवणकामाचा वर्ग होतो. तिचं भाडं आपल्या खिशात जातं आणि गाडी सगळ्यांच्या जागेवर जाते. ज्यांच्याकडे खरोखरच जागा नाही, त्यांनी गाडी फुटपाथवर न चढवता रस्त्याच्या एका कडेला लावावी, असं माझं मत आहे. वाहतूक तुंबेल, अशी ओरड होईल. कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर ती थोडी तुंबलीच पाहिजे. रस्ता मोकळा आणि रुंद दिसला की चालकाचा पाय दाबला जातो. अरुंद दिसला की उचलला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेने जाहीर केलं, की जिथे चालणारी माणसं आणि वाहनं एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको. त्यासाठी गतिरोधकांची रांग लावण्यापेक्षा एका कडेला उभ्या गाड्या मला परवडतात. गतिरोधक बांधण्याची आपली पद्धत पाहता ते कंबरेचे शत्रू आहेत, वेगाचे नाहीत.

आणि हे इंदूरला जमणार नाही, असं निदान इंदूरकराने म्हणू नये. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले आलो आणि मग २०२३ पर्यंत दरवर्षी येत राहिलो. त्याआधी कुणाला वाटलं होतं, की घराघरांतून ओला आणि सुका कचरा वेगळा निघेल आणि कचरापेट्याच शहरातून नाहीशा होतील? लहान मुलांच्या दृष्टीने परिसर सुधारण्याची एक राष्ट्रीय स्पर्धा केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केली होती, पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. शेवटी निवडलेल्या दहा शहरांत इंदूर होतं, वडोदराही होतं. म्हणजे मुलांसाठी जागा कशी करायची हे महापालिकेला माहीत आहे. ते अजून तुमच्या-माझ्या फाटकापर्यंत आलेलं नाही, एवढंच. फाटक ओलांडून महापालिका आत येऊ शकत नाही, आणि फाटकाबाहेरचा उतार तोडायला आली की आपणच नगरसेवकाला फोन करतो.

याच शहरात शंभर वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडेस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार होळकर दरबाराने बोलावला होता. त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालचा. जुन्या वस्त्या पाडून सरळसोट रस्ते काढायला त्याचा विरोध असे. गल्ल्या, छोटे चौक, झाडं राखून गरजेपुरतीच दुरुस्ती करावी, असं तो सांगे. प्लेगच्या दिवसांत लोकांनी घरं साफ करावीत म्हणून त्याने दिवाळीची मिरवणूक काढली, आणि जाहीर केलं की ज्या वस्त्या जास्त स्वच्छ होतील त्यांच्यातून ती जाईल. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनी उकिरडे उपसले. इंदूरकर दंडापेक्षा मिरवणुकीला लवकर हलतो, हे त्या परदेशी माणसाने ओळखलं होतं. त्यानंतर आपण मात्र रुंदीकरणाच्या वाटेने गेलो. रामबाग, कृष्णपुऱ्यासारख्या जुन्या भागांत फुटपाथ नव्हतेच, पण घरांपुढे ओटले होते. मुलं ओटल्यावर, गल्लीत, आजोबांच्या नजरेसमोर खेळत. ठिकठिकाणी रस्ते रुंद करताना ओटले गेले, आणि जी जागा निघाली ती गाड्यांची झाली.

म्हणून दंडाच्या आधी मला गेडेसचा मार्ग करून पाहावासा वाटतो. रंगपंचमीच्या गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात, अनंत चतुर्दशीला झांक्यांसाठी, म्हणजे चित्ररथांसाठी, रात्रभर बंद होतात. गणपतीचा मांडव दहा दिवस गल्ली अडवून उभा असतो आणि कुणाची हरकत नसते. लग्नाच्या तंबूसाठी तर कुणी परवानगीसुद्धा विचारत नाही. मग रविवारी सकाळी सात ते नऊ एक गल्ली मुलांसाठी बंद करायला काय लागतं? दोन्ही टोकांना एकेक खाट आडवी टाकायची, गल्लीतल्या गाड्यांनी त्या दोन तासांत जाता-येता चालण्याच्या वेगाने जायचं, रुग्णवाहिकेला अर्थातच वाट. मुलं स्कूटर चालवतील, मोठी पिट्टू खेळतील, आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसतील, पोहे-जिलबी कुणीतरी आणेलच, इंदूरमध्ये ते सांगावं लागत नाही. हे दोन तास फुटपाथला पर्याय नाहीत. पण रस्त्याच्या मधोमध उभं राहून आपल्या घराकडे पाहिलं की आपला उतार किती पुढे आला आहे हे पहिल्यांदा दिसतं, आणि समोरच्यालाही ते दिसतं.

गणेशोत्सव मंडळांकडे कार्यकर्ते असतात, दोरखंड असतात, पोलीस ठाण्यात ओळख असते. आमच्या मंडळाने हे अंगावर घेतलं, तर येत्या उत्सवात सजावटीच्या बक्षिसाबरोबर आणखी एक बक्षीस ठेवावं: ज्या गल्लीतला फुटपाथ सलग मोकळा झाला, त्या गल्लीतून विसर्जनाची मिरवणूक. परीक्षक पहिली-दुसरीतली मुलं, स्वतःच्या स्कूटरसह. ती एका टोकापासून निघतील, आणि जिथे त्यांना खाली उतरावं लागेल तिथे खडूने फुली मारतील. कुणाच्या फाटकासमोर फुली पडली यावरून भांडणं होतील हे मला ठाऊक आहे. स्कूटरबंदीचा ठराव पुन्हा चर्चेला येईल तेव्हा तो त्या फुल्या मोजून झाल्यावरच मतदानाला टाकावा, एवढी दुरुस्ती मी सुचवणार आहे.